दोन बोटं टाळू

न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी नातीला पायांवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि टाळूवर दोन बोटं आडवी ठेवली. "दोन बोटं आहे," म्हणाल्या, जणू कुणी विचारलंच होतं. मग वाटीतलं कोमट खोबरेल तळहातावर घेऊन टाळूवर सोडलं आणि जिरेपर्यंत थापत बसल्या. लेक दारातून बघत होती.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय. तेलाने टाळू भरत नाही."

मावशींनी मान वर केली नाही. "तुझी भरली की."

मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. लेकीचं म्हणणं बरोबर आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली फट. वर कातडी, खाली चिवट पडदा. हाडं आपापल्या गतीने वाढतात, एकमेकांना भिडतात आणि वर्ष-दीड वर्षात फट बुजते. तेल कातडीवरच राहतं, फार तर दुपट्याला लागतं. हे सगळं मी फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवलेलं आहे. तरी मावशी गेल्यावर वाटी उचलली आणि आणखी चार थेंब घातले. लेक तेव्हा आंघोळीला गेली होती, हे सांगायला नको.

बाळ झोपलं की टाळू उडताना दिसते. ठोक्यागणिक कातडी किंचित वर येते, खाली बसते. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. मी घाबरले नाही, पण त्या पहिल्या महिन्यात पुस्तक हातात धरून तासन् तास तिकडेच बघत राहिले. निवृत्तीनंतर वाचायचं म्हणून मेंदूवरचं बरंच काही जमवून ठेवलं होतं. वाचलंही, पण पाळण्याशी बसून. त्यामुळे माणसाच्या आणि चिंपांझीच्या मेंदूत फरक काय, हा प्रश्न माझ्यापुरता टाळूपासूनच सुरू झाला.

चिंपांझीच्या पिल्लाचीही कवटी जन्मतः पुरती सांधलेली नसते, पण त्याची फट फार लवकर बुजते. याचा सगळ्यात मजेदार पुरावा एका चमच्याचा आहे. 1931 साली अमेरिकेत विन्थ्रॉप केलॉग या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या बायकोने, ल्युएलाने, साडेसात महिन्यांची गुआ नावाची चिंपांझी घरी आणली आणि आपल्या दहा महिन्यांच्या डॉनल्डबरोबर सख्ख्या बहिणीसारखी वाढवायला घेतली. दोघांना सारखे कपडे, सारखं खाणं, सारखे पापे. नऊ महिने त्या नवरा-बायकोने मोजता येईल ते सगळं मोजलं. आणि एकदा चमचा घेऊन दोघांच्या डोक्यावर टकटक करून आवाजही ऐकला. डॉनल्डच्या डोक्यातून बद्द आवाज यायचा. गुआच्या डोक्यातून टणक, लाकडी चेंडूवर हातोडी बसावी तसा. खोटं कशाला बोलू, लेकीची पाठ वळल्यावर मीही पायसाच्या चमच्याने हळूच एकदा करून बघितलं. बद्द.

त्या टणक आवाजामागे एक हिशोब आहे. चिंपांझीचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या मेंदूची मोठेपणीच्या मानाने सुमारे 40 टक्के वाढ झालेली असते. आपल्या बाळाची 30 टक्क्यांच्या आतबाहेर. आता हेच वजनात बघा. आपल्या नवजात बाळाचा मेंदू साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम. पूर्ण वाढलेल्या, घरदार सांभाळणाऱ्या चिंपांझीचाही जवळपास तेवढाच. म्हणजे चिंपांझी जिथे थांबतो तिथून आपलं बाळ सुरुवात करतं. आणि सुरुवात करतं तेव्हा त्याला मानसुद्धा धरता येत नसते.

इथे जरा थांबून शब्दांचं बघू, कारण वर्गात माझी दरवर्षी इथेच अडचण व्हायची. मराठीत 'एप'ला घरचा शब्द नाही. लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचा लांब शेपटीचा तो वानर. कोकणातल्या शेंबड्या पोरालाही हा फरक कळतो, कारण नारळ कुणी पाडले ते त्यावरून ठरतं. पण बिनशेपटीचे चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आपल्या डोंगरात कधी नव्हतेच. अख्ख्या देशात मिळून एप तो एकच, ईशान्येकडचा हूलॉक गिबन. पुस्तकातला 'कपी' कुणाच्या तोंडी बसला नाही, म्हणून मी सरळ एपच म्हणायचे. तरी मागच्या बाकावरून तो प्रश्न यायचाच: "मॅडम, मग आताची माकडं माणसं का होत नाहीत?" मी म्हणायचे, तुझा चुलतभाऊ मोठा झाल्यावर तू होतो का? चिंपांझी आपला पूर्वज नव्हे. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एका घरातून दोन चुली झाल्या, त्यातली एक त्याची, एक आपली. तोही तेवढीच वर्षं बदलत आलाय.

या चुलत घराण्यातलं कुणी मी प्रत्यक्ष पाहिलं ते पुण्यात. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात बिन्नी नावाची ओरांगउटान होती. 2003 साली तिला ओडिशात नंदनकाननला नेलं. तेव्हा ती देशातली एकुलती एक ओरांगउटान म्हणून ओळखली जायची, आणि 2019 मध्ये तिथेच ती गेली. मी गेले तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि ती डोक्यावर पोतं घेऊन बसली होती. पोतं नुसतं आडवं टाकलेलं, एक बाजू घसरून डोळ्यावर आलेली. मला एकदम भातलावणीच्या बायका आठवल्या. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आतून सारायचा की टोपडं तयार होतं, पाठ झाकली जाते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. आमच्याकडे त्याला खोळ म्हणतात. पावसात पोतं डोक्यावर घ्यावं हे बिन्नीला सुचलं होतं. कोपरा कोपऱ्यात सारायचं मलाही कधी सुचलं नसतं. मला ते माझ्या आत्याने दाखवलं. या खोळीकडे मी पुन्हा येणार आहे.

फरक कुठे आहे, हे शोधायला निघालेले लोक आधी मेंदूत एखादी खास जागा शोधत होते. घरात देवघर असतं तशी. 1857 च्या सुमारास इंग्लंडमधल्या रिचर्ड ओवेनने जाहीर केलं की ती सापडली. मेंदूच्या पोकळीत एक बारीकसा उंचवटा असतो, त्याला तेव्हा 'हिप्पोकॅम्पस मायनर' म्हणत. तो फक्त माणसात असतो, एपमध्ये नसतो, सबब माणसाचा वर्ग वेगळा. ओवेन कुणी ऐरागैरा नव्हता, 'डायनोसॉर' हा शब्द त्याने घडवलेला. पण थॉमस हक्सली हा दुसरा जीवशास्त्रज्ञ त्याच्या मागे हात धुऊन लागला. एपचे मेंदू चिरून दाखवले गेले, आणि प्रत्येकात तो उंचवटा होता. काही वर्षं लंडनच्या नियतकालिकांनी या भांडणावर विनोदी कविता छापून पोट भरलं. देवघर काही सापडलं नाही.

मग उरलं माप. आपला मेंदू तेराशे-चौदाशे ग्रॅम, चिंपांझीच्या साडेतीनपट. पण नुसत्या वजनाने काय कळतं? हत्तीचा मेंदू आपल्या तिपटीहून मोठा आहे. खरी विचारायची गोष्ट, आत पेशी किती? मी तीस वर्षं मुलांना "शंभर अब्ज चेतापेशी" असं ठणकावून सांगत आले. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल या बाईंना एकदा प्रश्न पडला की हा शंभर अब्जांचा आकडा मोजला कुणी? शोधायला गेल्या तर कुणीच मोजला नव्हता. एकाने दुसऱ्याचं पुस्तक बघून लिहिलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने, आणि शेवटी माझ्यासारखीने फळ्यावर.

बाईंनी केलं ते कुठल्याही स्वयंपाकघरात शोभेल असं. मेंदू रसायनात मुरवून घट्ट करायचा, तुकडे करायचे, काचेच्या नळीत साबणासारख्या द्रावात घालून काचेच्याच दांड्याने घुसळायचा. रवीने ताक करावं तसा. पेशींची आवरणं विरघळतात, पण केंद्रकं शाबूत राहतात. मग सगळं नीट ढवळून एकजीव करायचं, एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा, रंगवलेली केंद्रकं मोजायची आणि गुणाकार. एका पेशीला केंद्रक एकच, त्यामुळे घोळ नाही. 2009 साली माणसाचा आकडा आला: 86 अब्ज. त्यातल्या 69 अब्ज मागच्या छोट्या मेंदूत, अनुमस्तिष्कात. वरच्या सुरकुतलेल्या बाह्यकात फक्त 16 अब्ज. चिंपांझीच्या बाह्यकात साधारण सहा-सात अब्ज. आणि तो भला थोरला हत्ती? एकूण 257 अब्ज, पण बाह्यकात साडेपाच अब्जांच्या आसपास. बाकी जवळजवळ सगळ्या मागच्या मेंदूत.

हत्ती सोडा, आपलंच बघू. माकडांच्या आणि एपच्या मेंदूंत पेशी ज्या दाटीने भरलेल्या असतात, तीच दाटी धरून मोठा मेंदू केला तर किती पेशी येतील, याचा हिशोब केला तर आपला आकडा जवळपास तेवढाच येतो. आपण अपवाद नाही. आराखडा तोच आहे, वाडा मोठा बांधलाय. हां, वाड्यात सगळं सारख्या प्रमाणात वाढलेलं नाही. डोळ्यांनी बघणारा आणि हातपाय हलवणारा भाग फारसा फुगलेला नाही, या सगळ्यांची सांगड घालणारा फुगला. भाषेची पुढची-मागची ठाणी जोडणारा जो तंतूंचा जुडगा आहे, तो चिंपांझीतही आहे, पण तिथे ती पायवाट आहे, इथे राजरस्ता. तरीही नवीन खोली म्हणून दाखवता येईल असं काही नाही.

मग त्याच आराखड्यातून एवढा वाडा झाला कसा?

याचं एक उत्तर मी वाचलं आणि पुस्तक मिटून पाळण्याला झोका देत बसले. केंब्रिजमध्ये मॅडलिन लँकास्टर आणि तिच्या सहकाऱ्यांनी माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या मूळपेशींपासून, म्हणजे ज्यांच्यातून हव्या त्या पेशी घडवता येतात त्यांच्यापासून, बशीत मेंदूसारखे बारीक गोळे वाढवले. अगदी सुरुवातीला, मेंदू म्हणजे पेशींचं नुसतं अस्तर असतं तेव्हा, त्या पेशी जाड्या, लांबट नळकांड्यांसारख्या असतात आणि भराभर दुप्पट होत असतात. मग त्या निमुळत्या होतात आणि दुप्पट होण्याचा वेग मंदावतो. आता चेतापेशी घडवायचं काम सुरू. गोरिलाच्या पेशी हा बदल सुमारे पाच दिवसांत उरकतात. माणसाच्या पेशींना सात दिवस लागतात. 2021 मध्ये त्यांनी हे छापलं. दोन दिवस जास्त. पण एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा चालीत दोन दिवस म्हणजे काय, हे बुद्धिबळाच्या पटावर तांदूळ मागणाऱ्याला विचारा.

त्यांनी त्यातलं एक जनुकही शोधलं, आणि इतरांनी आणखी बरीच शोधलीत. ती यादी मी इथे देत नाही. मला धरून ठेवलं ते त्या उशिराने. काही नवीन केलंच नाही. जे होतं तेच थोडं उशिरा संपवलं.

एकदा हा उशीर नजरेत आला की सगळीकडे दिसायला लागतो. पेशींमधले जोड घ्या. कपाळामागच्या बाह्यकात हे जोड भरमसाट होतात आणि मग नको ते छाटले जातात. एका अभ्यासानुसार चिंपांझीत हा कळस लवकर येऊन जातो, आपल्या पोरांत तो पाचव्या वर्षाच्या आसपास. तंतूंवर चरबीचं वेष्टण चढतं, ज्यामुळे निरोप जलद धावतात. चिंपांझीत ते काम वयात येईपर्यंत आटोपतं, आपल्यात तिशीच्या उंबरठ्यापर्यंत चालू असतं. बावीस वर्षांच्या मुलाला "अक्कल कधी येणार" असं विचारणाऱ्या बापाला हे सांगायला हवं, की बांधकाम अजून चालू आहे. मेंदूच्या घड्यांचंही तसंच. 2015 साली 206 चिंपांझींचे आणि 218 माणसांचे मेंदू प्रतिमांवरून ताडून पाहिले, तेव्हा दिसलं की चिंपांझीच्या घड्या कशा पडणार हे बरंचसं रक्तातूनच ठरतं. माणसात ती पकड सैल आहे. ओलं लिंपण जास्त दिवस ओलं राहिलं, तर त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याची बोटं उमटणारच.

आणि हा उशीर जुना आहे. मला वाटायचं, आधी मेंदू वाढला असेल, मग बाकी सगळं. युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांनाही तसंच वाटायचं. म्हणून तर 1912 साली इंग्लंडमधल्या पिल्टडाउनची कवटी, आदिमानवाची म्हणून, त्यांनी डोक्यावर घेतली. मोठा मेंदू आणि एपचा जबडा, अगदी हवं तसं. ती बनावट आहे हे कळायला 1953 उजाडलं. मधल्या काळात दक्षिण आफ्रिकेत 1924 साली खरी गोष्ट सापडली होती. टाउंगच्या चुनखडीच्या खाणीतल्या दगडांचं खोकं जोहान्सबर्गला शरीररचना शिकवणाऱ्या रेमंड डार्टच्या घरी आलं. त्यात एका लहान मुलाच्या मेंदूचा दगडी ठसा होता. कवटीत गाळ शिरून, घट्ट होऊन तयार झालेला, घड्यांसकट. डार्टने बायकोच्या विणायच्या सुयांना टोक काढून दगड खरवडला आणि आतून दुधाच्या दातांचा चेहरा बाहेर आला. मेंदू एपएवढा, पण मणका जिथे कवटीला जोडतो ते भोक कवटीच्या खाली, म्हणजे पोर दोन पायांवर चालणारं. डार्टने लिहिलं, लोकांनी तोंड वाकडं केलं. मोठा मेंदू नसताना आधी पाय कसे सरळ होतील?

झाले होते. पुढे इथिओपियात लूसी मिळाली, तशाच दोन पायांवर चालणाऱ्या मादीचा सांगाडा, मग 2000 साली तिथेच डिकिकाला एक लहान मूल मिळालं, 33 लाख वर्षांपूर्वीचं. झेरेसेने अलेमसेगेद यांना ते वाळूच्या दगडातून कणाकणाने सोडवायला वर्षं लागली. वारलं त्या वेळी ते अडीच वर्षांच्या आतबाहेर होतं. त्याच्या कवटीची आतली बाजू क्ष-किरणांनी वाचून 2020 मध्ये जे मांडलं गेलं ते असं: मेंदूची ठेवण एपसारखीच, माप एपच्या जवळपासचं, पण वाढ सावकाश. त्या वयाच्या चिंपांझीचा मेंदू जेवढा भरलेला असतो तेवढा याचा भरलेला नव्हता. म्हणजे मेंदू मोठा व्हायच्या कितीतरी आधी तो हळू वाढायला लागला होता. त्या पोराच्या आईला दुसरं काही माहीत नसेल, पण हे पोर लवकर सुटं होत नाही, एवढं तिने नक्की भोगलं असेल.

हळू वाढणं स्वस्त नसतं. शरीराच्या वजनात मेंदू दोन टक्के, पण बसल्या जागी वीस टक्के इंधन तो खातो. हे मोठ्यांचं. चार-पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू तर दिवसभराच्या एकूण इंधनातलं चाळीस टक्क्यांच्या वर गिळतो, आणि नेमक्या त्याच वयात अंगाची वाढ सर्वांत मंद असते. "एवढं भरवते, पण अंगाला लागत नाही," हे मराठी आयांचं गाऱ्हाणं मी आयुष्यभर ऐकत आले, लेकीच्या वेळी स्वतः केलं. अंगाला लागत नव्हतंच. डोक्यात जात होतं.

एवढं आणायचं कुठून? चिंपांझी दिवसाचे पाच-सहा तास नुसतं चावत असतो. कच्च्या पानाफळांवर आपला मेंदू पोसायचा तर नऊ तासांहून जास्त खात बसावं लागेल, असा हर्क्युलानो-हाउझेलबाईंचाच हिशोब आहे. चिंपांझींचा अभ्यासक रिचर्ड रँगहॅम म्हणतो, सगळं श्रेय चुलीचं: शिजवलेलं मऊ, पचायला हलकं, दात छोटे, आतडं छोटं, मेंदू मोठा. मला हे मत मनापासून आवडतं, चाळीस वर्षं गॅससमोर उभी राहिलेल्या कुणालाही आवडेल. पण मेंदू फुगायला लागला त्या काळातल्या चुलीची खात्रीची राख मिळत नाही. पक्के पुरावे मिळतात ते दहा लाख वर्षांच्या अलीकडचे. तेव्हा चुलीला सगळा हार घालता येत नाही.

दुसरं उत्तर आजीचं. टांझानियातल्या हाड्झा लोकांमध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि तिचे सहकारी गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जमिनीतले कंद उकरायला सगळ्यात जास्त राबतात त्या साठीच्या बायका. लहान मुलांच्या कोवळ्या हातांना ती कडक जमीन उकरता येत नाही. आईला दुसरं झालं की आधीच्या पोराचं वजन वाढणार की नाही, हे आजी किती उकरते त्यावर. चिंपांझीच्या मादीला पाच-सहा वर्षांनी एक पिल्लू होतं, ती ते एकटीने वाढवते आणि पाळी जाण्याच्या वयानंतर सहसा फार जगत नाही. आपण जगतो. बरंच आयुष्य उरतं. ते कशासाठी, याचं हॉक्सचं म्हणणं, नातवंडांसाठी. यावर वाद आहेत, आणि मी या प्रकरणात तटस्थ नाही. कंद मी उकरत नाही, पण नाचणीचं सत्त्व काढण्यात माझी सकाळ जाते, तेव्हा माझं मत गृहीत धरा.

आता खोळ.

एप मठ्ठ असतात असं कुणी समजत असेल तर जपानमधल्या आयुमूला बघावं. क्योतो विद्यापीठाच्या केंद्रात तेत्सुरो मात्सुझावांनी या तरुण चिंपांझीला आकडे शिकवले. पडद्यावर विखुरलेले आकडे क्षणभर चमकतात, सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढे, मग त्यांच्या जागी पांढरे चौकोन. कुठे कोणता आकडा होता ते चढत्या क्रमाने बोटाने दाखवायचं. 2007 मध्ये त्याने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना चारी मुंड्या चीत केलं. पुढे खूप सराव केलेली माणसं त्याच्या बरोबरीला आली खरी, पण मी भाच्याच्या फोनवर तसाच खेळ खेळले आणि चौथ्या आकड्याला माझी गाडी अडली. लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी 106 चिंपांझी आणि अडीच वर्षांची 105 मुलं यांना एकाच मापाने तपासलं. वस्तू कुठे लपवली, कुठल्या बाजूला जास्त दाणे, काठीने काय ओढता येईल, यात दोघं जवळपास बरोबरीत. मुलं पुढे गेली ती एकाच गोष्टीत. दुसऱ्याकडे बघून शिकण्यात, दुसरा काय दाखवतोय ते ओळखण्यात.

आणि बघून शिकणं म्हणजे काय, तर नक्कल. टोपीवाला आणि माकडं ही गोष्ट आपण सगळे ऐकत वाढलो. टोपीवाल्याने टोपी फेकली, माकडांनी फेकल्या. ही गोष्ट उलटी आहे. युगांडातल्या एनगांबा बेटावरच्या चिंपांझींना व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी एक खोकं उघडून दाखवलं. आधी वरच्या भोकात काठी घालून ठोकायचं, मग समोरच्या दारातून खाऊ काढायचा. खोकं काळं होतं तेव्हा चिंपांझींनी सगळं तसंच केलं. मग पारदर्शक खोकं दिलं. त्यातून दिसतं की वरच्या भोकाचा खाऊशी काही संबंधच नाही, मधे फळी आहे. चिंपांझींनी वरचं ठोकणं सोडलं आणि सरळ खाऊ काढला. स्कॉटलंडमधली तीन-चार वर्षांची मुलं मात्र, आरपार दिसत असूनही, वर ठोकत राहिली. दाखवणाऱ्या माणसाने ठोकलं होतं ना!

हे वाचून मी हसले, कारण त्याच आठवड्यात शेजारचा चार वर्षांचा अन्वय आमच्याकडे येऊन मावशींचं न्हाऊ घालणं बघून गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या कापडी अस्वलाला पायांवर घेतलं. टाळूवर दोन बोटं ठेवली. हवेतलं तेल थापलं. नसलेला पदर कमरेला खोचला. आणि मधेच मान बाजूला वळवून दोनदा खोकला. मावशींना जुना खोकला आहे.

एवढं हुशार पोर, आणि खोकतंय. पण खोळीचं तसंच आहे. कोपरा कोपऱ्यात का सारायचा हे मी आत्याला विचारलं नव्हतं. तिने केलं, मी केलं, कधीतरी पावसात उभी राहिल्यावर कळलं. त्यातला कुठला भाग कामाचा आणि कुठला खोकला, हे आधी ठरवत बसले असते तर भिजले असते. बिन्नीला पोतं स्वतः सुचलं होतं, म्हणून ते तिथेच राहिलं. तिच्या शेजारी बघायला कुणी नव्हतं.

केलॉगांच्या घरी काय झालं ते सांगायचं राहिलं. सुरुवातीला गुआ पुढे होती. चमच्याने खाणं, सांगितलेलं ऐकणं, सगळ्यात. डॉनल्ड रांगत मागे. पण नऊ महिन्यांत गुआ एक शब्द बोलली नाही. उलट डॉनल्ड, खायला दिसलं की, गुआसारखा भुंकल्यागत हुंकारायला लागला. एपने माणसाची नक्कल करावी म्हणून घातलेला घाट, आणि नक्कल केली ती माणसाच्या पोराने. मार्च 1932 मध्ये प्रयोग आवरता घेतला. गुआला परत पाठवलं, आणि पुढच्या वर्षी ती न्यूमोनियाने गेली. वाचताना मला तिच्या टणक कवटीचंच जास्त वाईट वाटत राहिलं.

नातीला आता नऊ महिने झाले. परवा दवाखान्यात डोक्याचा घेर मोजला, जन्माला आली तेव्हा 34 सेंटिमीटर होता, आता 44. डॉक्टरांनी ठिपका आलेखावर ठेवला, रेषेत बसला. लेकीने फोटो काढला. टाळूबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, लेकीनेही विचारलं नाही.

मावशी आता रोज येत नाहीत, रविवारी फिरकतात. काल आल्या, बाळाला पायांवर घ्यायला गेल्या तर ते उलटून पळायलाच लागलं. एका हाताने पाय धरून दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी टाळूवर ठेवलं आणि क्षणभर थांबल्या. लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"किती?" तिने विचारलं.

"अजून एक बोट आहे," मावशी म्हणाल्या, आणि वाटीसाठी हात पुढे केला.